शेवटची गाडी येईपर्यंत

पेण, बुधवार

प्रिय हर्षद,

फोनवर चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं, म्हणून आता कागद घेतलाय. महिनाअखेरीला तू चाकणच्या कंपनीत रुजू होणार. लग्न करून सोबत येशील का, असं विचारलंस त्याला तीन आठवडे झाले. हो म्हटलं तर बाबांचा गणपतीचा कारखाना सुटतो, नाही म्हटलं तर तू. दिवसभर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते तेव्हा हात एकदाही हलत नाही. तुझ्या प्रश्नापुढे मात्र मी धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

रविवारच्या राइडबद्दल तू अजून काही बोलला नाहीस. रागावला असतास तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. सकाळ किती छान सुरू झाली होती! प्रविणदादा पुढे, तू सगळ्यांच्या मागे, मधे आम्ही नऊ जण. निघताना दादाने नेहमीची पोथी वाचली: वळण आलं की त्याच्या मागची गाडी तिथे थांबणार, बाकीच्यांना वाट दाखवणार, आणि शेवटची गाडी आल्याशिवाय जागा सोडणार नाही. अष्टमीचा पूल ओलांडून रोह्यात शिरताना पहिलं वळण आलं तेव्हा दादाच्या मागे मी होते. मुद्दामच. तुला म्हटलं होतं ना, उत्तर त्या वळणावर देईन. तिथे दोन मिनिटं तरी आपण दोघंच असणार होतो.

आठही गाड्या पुढे गेल्या. शेवटी आलेला मोरू सांगून गेला की त्याची उतरलेली चेन तू बसवून दिलीस आणि पान्हे आवरून येतोच आहेस. मग मी जेवायला ठरलेल्या कॅफेत पोहोचले, तुझ्याआधी. पाटीवर नाव इंग्रजी, आत विमलबाई तांदळाच्या भाकऱ्या थापतायत आणि वालाचं बिरडं रटरटतंय. इथे रेंज मिळत नाही, हेही त्यांनी पाटीवर अभिमानाने लिहिलंय. हर्षद येतोय मागून, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि जेवायला बसले. खरंच बसले रे, दोन भाकऱ्या खाल्ल्या. चव मात्र विचारू नकोस.

तू दोन तासांनी आलास. रोह्यातली गॅरेजं पालथी घातलीस, मग दवाखान्यांतून विचारत फिरलास, हे मला नंतर मोरूकडून कळलं. माझ्याशी तू एवढंच बोललास, "तू जागा सोडणारी नायस. म्हणून वाटलं, तुला काय तरी झालंय." आणि गार झालेलं बिरडं जेवलास. त्या घटकेपासून मला कशातलंच काही कळेनासं झालंय.

उभं राहून कंटाळले म्हणून निघाले, असं मी दादाला सांगितलं. ते खोटं आहे. मी तुला पाहिलं होतं. पुलाच्या अष्टमीकडच्या टोकाला ट्रकच्या मागे तुझं पिवळं जर्किन दिसलं आणि मी गाडी सुरू केली. का, ते अजून उमगत नाही. हो म्हणायला उभी होते की नाही म्हणायला, तेही आता आठवत नाही. मी जागा सोडेन हे ज्याच्या मनातसुद्धा येत नाही, त्याच्यापासूनच मी पळाले. हे पोटात ठेवून तुला कुठलंच उत्तर देता येत नव्हतं, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी राइड नाही. मी सकाळी आठला पुलाजवळच्या त्याच वळणावर उभी असेन. हे वाचून यायचं की नाही, ते तू ठरव. माझं उत्तर अजून तयार नाही. पण या वेळी शेवटची गाडी आल्याशिवाय मी हलणार नाही.

तुझीच, गोंधळलेली,
निशिगंधा