उपाशी कृमींचा पाहुणचार

तीर्थरूप मामा,

लांबूनच वाकून नमस्कार (जवळून केला तर पाठीत धपाटा बसेल). पोचल्याबरोबर पत्र टाकतो म्हणालो होतो, त्याला दोन महिने झाले. आधी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि आता इतकं आहे की पेन उचलवत नाही. मामी मजेत ना? तिला हे पत्र वाचून दाखवू नका.

तुमच्या शब्दावर मॅडमनी मला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवून घेतलं. माझी ही सातवी नोकरी (एकेका दिवसाच्या दोन सोडल्या तर पाचवी). काम एवढंच की काचेच्या बशीतल्या बारा चपट्या कृमींचं पाणी बदलायचं. प्राणी नखापेक्षाही लहान. डोळे दोन, पण तिरळे, त्यामुळे बघतोय आपल्याकडे की शेजाऱ्याकडे ते कळत नाही. तोंड पोटाच्या मधोमध, आणि आत गेलेलं उरलं की त्याच दारानं बाहेर. आई मला ‘कणा नसलेला’ म्हणते ना, इथे अख्ख्या बशीत कुणालाच कणा नाही आणि लोक त्यांच्यावर पीएचडी करतायत! असो, भरकटलो.

मॅडम पंचवीस दिवस बाहेरगावी गेल्या. निघताना दोनदा बजावलं, "यांना काही खायला घालायचं नाही हं." उपाशी ठेवलं तर हा प्राणी मरत नाही, स्वतःचंच अंग वापरत लहान लहान होत जातो. तेच त्या तीन महिने मोजत होत्या. पण मामा, मी बशीशेजारी बसूनच डबा खायचो. समोर बारा उपाशी जीव, घास उतरेना. म्हणून रोज उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक. बारा दिवसांत सगळे गुटगुटीत! वहीत पाच मिलिमीटर, बशीत आठ.

मग डोकं चालवलं. लांबी वाढली, तर कमी करू. ब्लेडनं प्रत्येकाचे मधोमध दोन. पट्टी लावली तर चार मिलिमीटर, म्हणजे जवळपास जमलंच. फक्त बाराचे चोवीस झाले. शेपटीकडचे बारा तुकडे चहाच्या कपात काढून ठेवले, मेल्यावर फेकू म्हणून. मरतात कुठले! आज आठवा दिवस, बाराही शेपट्यांना डोकी फुटलीत, डोळे आलेत, तेही तिरळेच. डोळे आलेल्या जिवाला बेसिनमध्ये कसं ओतायचं? शिपाईकाका कपात डोकावून म्हणाले, "बाळा, तू कामाला आलास की खानदान वाढवायला?"

मॅडमची तीन महिन्यांची मेहनत मी बलकात बुडवली हे मला कळतंय. तुमचा शब्दही त्यातच गेला. त्यांना तोंडावर सांगायला हवं, हेही कळतंय. बाकी सर्व क्षेम.

तुमचा लाडका (निदान कालपर्यंत) भाचा

ता. क. पत्र खुशालीचंच आहे, पण विषय निघालाच आहे तर सांगतो. मॅडम सोमवारी येतायत. त्याआधी तुम्ही अंथरुणाला खिळलात असा निरोप इथल्या ऑफिसात धाडा. जरा गंभीरच असू द्या, म्हणजे मला ताबडतोब निघता येईल. मॅडमना चिठ्ठी ठेवीन, त्यात सगळं खरं लिहीन (माझा पत्ता सोडून).

आणखी एक ता. क. निरोप धाडू नका. मॅडम आजच आल्या, जिन्यात आवाज येतोय. बरोबरचे गृहस्थ दोन-दोन पायऱ्या एकदम चढतायत आणि खो-खो हसत सांगतायत, "पोरगा उडाणटप्पू आहे, पण खोटं म्हणून बोलणार नाही!" मामा, इतके ठणठणीत होऊन येणार होतात, तर आधी कळवायचं तरी!