मुंगूस शब्दाचा निकाल

मी, राजपाल गोविंदा भगत, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. केनवड येथील दोन खोल्यांचे स्लॅबचे घर व मागची मोकळी जागा माझा मुलगा उत्कर्ष यास द्यावी. त्याची आई पंचफुला हिने लावलेले लिंबाचे झाड पाडू नये.

२. बँकेतील ठेव गावच्या वाचनालयास द्यावी. मात्र तिथे माझा फोटो लावू नये.

३. माझे दोन खंडांचे इंग्रजी शब्दकोश आणि अकरा वह्या. यांत मी चाळीस वर्षे सहसा न आढळणारे इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि ते कुठून आले हे टिपले. ‘कॅटामरान’ हा मुळात तमिळ शब्द, म्हणजे एकत्र बांधलेल्या लाकडांची होडी. ‘सेस्क्विपेडेलियन’ म्हणजे दीड फूट लांबीचा, लांबलचक शब्दांची हौस असलेला. हा शब्द मी साहेबांच्या तपासणीत मुद्दाम वापरत असे आणि साहेब मान हलवत. माझे एक सहकारी या वह्यांना रद्दी म्हणाले, म्हणून मी त्यांच्याशी नऊ वर्षे बोललो नाही. तो राग आज सोडला. या वह्या व शब्दकोश कु. रंजीता हिला द्यावेत. ती माझी नातेवाईक नाही. तिला का, ते पुढे लिहितो.

४. सन २००१ च्या फेब्रुवारीत मी आसेगावला शिकवत होतो. तालुक्याच्या शब्दस्पर्धेत पहिल्या येणाऱ्या मुलाला शहरातल्या निवासी शाळेत जागा मिळणार होती. परीक्षक मी होतो. शेवटी दोघेच उरले: माझा उत्कर्ष, आणि जवळच्या बंजारा तांड्यावरची रेणू सोमला आडे. दोघेही तेरा वर्षांचे. मी विचारले, ‘मॉन्गूस’ हा शब्द कुठून आला? उत्कर्ष म्हणाला, ‘गूस’ या पक्ष्यावरून. माझ्या कागदावरही तेच होते. रेणू म्हणाली, “सर, आपल्या मुंगसावरून. इंग्रजायनं आपलाच शब्द नेला.”

सगळे हसले. आधी मी हसलो, म्हणून ते हसले.

कार्यक्रम संपल्यावर मी शाळेच्या कपाटातला मोठा शब्दकोश उघडला. त्यात स्पष्ट लिहिले होते: मूळ शब्द मराठी, मुंगूस. तो शनिवार होता. निकालाचे पाकीट सोमवारी जायचे होते. मधला पूर्ण रविवार माझ्या हातात होता. मी पाकीट तसेच पाठवले. उत्कर्ष निवासी शाळेत गेला. दिवाळीनंतर सोमला लेकीला घेऊन ऊसतोडीला गेला आणि रेणू पुन्हा वर्गात दिसली नाही. माझे वडील गोविंदा यांनी मजुरी करून मला शिकवले होते. मी मात्र सोमलाच्या लेकीची वाट अडवली.

तीन वर्षांपूर्वी पोहरादेवीच्या यात्रेत एक बाई माझ्या पाया पडली. “सर, वळखलं का? मी सोमलाची रेणू.” सोबत तिची मुलगी रंजीता होती. रेणू तिला म्हणाली, “हे माह्ये सर. यायच्यासमोर मी अंदाजानं चुकीचं उत्तर देल्लं होतं. म्हनून तुले सांगतो, पक्कं ठाऊक नसलं त वर्गात तोंड उघडू नको.” पोरगी खाली पाहत राहिली. मी एवढेच बोललो, “गर्दी लय हाये, जपून जा.” आणि निघून आलो. पाकीट पाठवल्याची लाज वाटतेच. यात्रेतल्या त्या गप्प राहण्याची त्याहून जास्त वाटते.

मागच्या आठवड्यात उत्कर्षला फोनवर सगळे सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “बाबा, तुमी तिच्याकडे जा. पयले जा.”

मी तांड्यावर गेलो. रेणू सोयाबीन पाखडत होती. मी सांगत गेलो, तिचे सूप थांबले.

“तुमाले कवा समजलं, सर?”

“त्याच दिवशी.”

“मंग काहून नाही सांगतलं?”

मी म्हणालो, “दुसरा माहा पोरगा होता.”

तिने सूप खाली ठेवले. मी घर तिच्या नावे करतो म्हटले. ती म्हणाली, “घर नाही पायजे. पुस्तकं रंजीताले द्या, तिले नाद हाये. अन् मी बरोबर होती, तुमाले ठाऊक होतं, हे कागदावर लिहून द्या.” क्षमेचे ती काही बोलली नाही. मीही मागितली नाही.

५. म्हणून नोंदवतो: मॉन्गूस हा इंग्रजी शब्द मराठी मुंगूस या शब्दापासून आला आहे. रेणू सोमला आडे हिचे उत्तर बरोबर होते. निकाल चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे माहीत असून मी पाठवला.

६. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. पाचवे कलम मात्र आज सही होताच साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावे आणि या लेखाची एक प्रत आजच रेणूच्या हाती द्यावी. वाचताना रंजीता हजर असावी. वाचणारा मीच.

स्थळ: आसेगावजवळील तांडा
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

सही: राजपाल गोविंदा भगत

साक्षीदार:
१. किसनसिंग राठोड, तांड्याचे नायक
२. सुकेशनी इंगोले, शिक्षिका

(आम्हा दोघांसमक्ष सही झाली. पाचवे कलम दोनदा वाचले गेले. दुसऱ्यांदा रंजीताने वाचले.)