हनुवटीवरचा ठिपका

प्रिय ताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "लेकीच्या हनुवटीवर पांढरा ठिपका आलाय गं. माझ्या लग्नाआधी तू बनवून दिलेलं ते औषध पाठव ना, शास्त्रज्ञबाई." मी म्हणाले, "ते आता मिळत नाही." ते माझ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे.

ते औषध नव्हतं, ताई. केस उजळायचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. तुझ्या हनुवटीवरच्या डागाभोवतीची कातडी उजळली की रंग जुळेल, एवढंच माझं कॉलेजातलं डोकं चाललं. कोड आलेल्या त्वचेत तेच रसायन आपोआप साचतं आणि रंग बनवणाऱ्या पेशी त्याच्या माऱ्याने मरतात. आता मी रोज तेच मोजते. तुझ्या त्वचेत ते आधीच असणार, मी वरून आणखी चोळलं. महिन्याभरात डाग गळ्यापर्यंत उतरला. तो त्यामुळेच पसरला, हे मी सिद्ध करू शकत नाही. त्यामुळे पसरला नाही, हेही सिद्ध करू शकत नाही.

तू मात्र सगळ्यांना सांगतेस, "धाकटीने खूप केलं, माझंच नशीब फुटकं." बारा वर्षं मी ते ऐकून घेतलं.

काल शेवटी एवढंच म्हणाले, "तिला घरचं काही लावू नकोस, डॉक्टरांकडे ने." तू कारणही विचारलं नाहीस. म्हणालीस, "तू सांगतेस म्हणजे बरोबरच असणार."

तुझी,
धाकटी