तक्त्यातील व्याकरणदोष आणि माझा परवाना

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगे पोचती करीत आहे, हे समितीत सांगू नये.) आपली कंबर आता सरळ झाली असेल. आपली बहीण माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची प्रकृती उत्तम आहे.

हौशी वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीचे नियम बदलणाऱ्या समितीवर आपण आहात, म्हणून माझी हकीकत कळवतो. परवान्याची मुदत संपत आली, तेव्हा नियमाप्रमाणे सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडे गेलो. नाडी, रक्तदाब, कान, सगळे निर्दोष. (फुंकर मारा म्हणाले, तर टेबलावरचे कागद गोळा करायला नर्सबाईंना वाकावे लागले.) मग भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. शेवटच्या ओळीत 'ग छ त'. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस मी. स्वच्छ आवाजात 'गच्छति' असे वाचले. डॉक्टर म्हणाले, "वेलांटी कुठं दिसली?" म्हटले, "दिसली नाही, पण हवी." त्यावर तो पोरगेला गृहस्थ म्हणतो, "काका, समोर डोंगर आला तर तिथंही हवं ते वाचणार का?" उत्तर फार चांगले सुचले, पण जिन्यात. शेरा पडला: 'नसलेले दिसते.' परवाना अडला. आमच्यासारख्यांना संस्कृतात खेचर म्हणतात, आकाशात फिरणारे. आपली बहीण म्हणते, तुम्ही खेचर आहातच, फक्त मराठीतले.

माझे मत स्पष्ट आहे. परका डॉक्टर घटकाभर बघून अक्षरे मोजतो. घरचा डॉक्टर वर्षानुवर्षे माणूस बघतो. तेव्हा नियमातले 'सरकारने नेमलेला' खोडून तिथे 'घरचा' घालावे. देशभरातले हौशी वैमानिक आपल्याला दुवा देतील.

आपला, तूर्त भूचर,
मेहुणा

ता. क. 'घरचा डॉक्टर' या पदांचा अर्थ 'घरात राहणारा डॉक्टर' असा लावावा. आपली बहीण गुरांची डॉक्टर आहे खरी, पण रुग्णाला पाय किती असावेत हे नियमात लिहायचे कारण नाही.

ता. ता. क. नियमाची वाट न पाहता तिच्यापुढे सहीला कागद ठेवला होता. म्हणाली, "तुम्ही बैल असतात तर गाडीलाही जुंपू दिलं नसतं. आधी चष्मा." विनंती एवढीच, की थोरला भाऊ या नात्याने तिला दोन शब्द सांगावेत.

आणखी एक. वरील सर्व रद्द समजावे. चष्मा आला. तो लावून काल विमानतळावर नुसता उभा राहिलो. धावपट्टीच्या टोकाला ज्या दोन पांढऱ्या खुणा धरून मी विमान उतरवत आलो, त्यांतली एक उठून चरायला गेली.