शाळेच्या धाब्यावरची माती

१९ एप्रिल १९७१

साहेब म्हणाले, कोयनेला भूकंपात झालं तसं आपल्याकडे होणार नाही कशावरून? जुन्या शाळा बघून या, धक्का बसला तर उभ्या राहतील का सांगा. मी कोपरगावची बाजू मागितली होती. मिळालं शेवगाव! म्हणजे आमचं गाव आलं. माझी शाळाही आली.

२२ एप्रिल

शाळेच्या दारात कपाळ आपटलं. दार इतकं ठेंगणं होतं? आत गेलो तर तोच वास, शेणाचा आणि खडूचा. जीव कसा गलबलून आला.

रंगनाथ गुरुजी निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी रोज येऊन बसतात. "आलास का रे गहिन्या?" – आणि नव्या मास्तरांदेखत डोक्यावर टपली! ऑफिसात ओव्हरसियरसाहेब म्हणतात मला. इथे मी अजून चौथीतच आहे. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

ओळंबा सोडला. दगडमातीची भिंत मधोमध चार बोटं बाहेर आलीय. म्हटलं, गुरुजी, भिंतीला पोट आलंय.

"तुलाही आलंय. पाडायचं का तुला?"

२३ एप्रिल

शाळेच्या धाब्यावर, त्या सपाट मातीच्या छपरावर चढलो. माती किती आहे बघायला पहारीने खड्डा घेतला. वीतभर असेल असं वाटलं होतं. खाली लाकूड लागेपर्यंत हात खांद्यापर्यंत आत गेला!

आणि खड्ड्याच्या कडेला थर दिसले – पांढरा, राखाडी, परत पांढरा. एकदम आठवलं सगळं. वैशाखात सातवीची पोरं शाळा सोडायची, तेव्हा प्रत्येकाने गावच्या पांढरीतून एक पाटी पांढरट माती आणायची, धाब्यावर टाकायची आणि सगळ्यांनी मिळून नाचून तुडवायची. गुरुजींनीच घालून दिलेली रीत. "जाताना शाळेला सावली देऊन जा रे," म्हणायचे. मग गूळ-शेंगदाणे. आमच्या वर्षी भिमाजी नाचता नाचता खाली गडगडला होता, आणि तसाच लंगडत वर येऊन पुन्हा नाचला होता. मुक्ता रडली होती, तिचं लग्न ठरलं होतं म्हणून.

त्यातला आमचा थर कुठला कोण जाणे. खड्ड्याशेजारी उगीच बसून राहिलो. डोळे भरून आले.

२४ एप्रिल

आकडेमोड केली. पुन्हा केली. नापास. माझी शाळा नापास!

२६ एप्रिल

आज सांगून टाकलं. ही माती अशीच राहिली तर मला 'धोकादायक' लिहावं लागेल, आणि मग कुलूप. माती उतरवली, वर पत्रे घातले, कोपरे बांधून घेतले, तर जूनमध्ये शाळा भरेल.

गुरुजी म्हणाले, "कुलूप लागलं तर पोरं जातील शेवगावला चालत. पोरींना कोण पाठवणार? घरी बसतील." ते खरंच आहे. मला रात्रंदिवस तोच घोर लागलाय.

भिमाजी आता सरपंच. तो म्हणे, "आमी आज्या-पंज्यापासनं धाब्यात ऱ्हातोय, कुनाला काय झालं न्हाई. उलट माती जास्त तेवढं घर मजबूत!"

वाद घालून उपयोग नव्हता. त्याला अंगणात उभा केला आणि ढकलला. एक पाऊल मागे गेला, सावरला. मग डोक्यावर मातीने भरलेली पाटी दिली आणि तसाच ढकलला – पाटीसकट आडवा! पारावरची मंडळी पोट धरधरून हसली. "हान तिच्या, पटलं की रं!" भिमाजीही हसला.

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे गहिन्या, मीच दरसाल पोरांच्या डोक्यावर ओझं चढवत होतो, तेही पोरांच्याच हातांनी?"



२७ एप्रिल

गुरुजी शाळेत आले नाहीत.

२ मे

आज गुरुजी आले! धोतर खोचून शिडीने थेट वर! मी खाली शिडी धरून उभा, काळजाचं पाणी पाणी. पहिलं फावडं त्यांनीच मारलं. "चढवायला मी सांगितलं होतं, उतरवायलाही मीच सांगतो. चला!"

मग काय, गाव लोटलं. आमच्या वर्गातला श्रीमंत कोपरगावच्या कारखान्यातून रजा टाकून आला. मुक्ता आली, नातू कडेवर. पाट्या हातोहात उतरत होत्या, आणि कुणीतरी तुडवायचं गाणं म्हणायला लागलं – उतरवताना! सगळ्यांनी धरलं. किती वर्षांनी इतका मोठ्याने गायलो. शाळेमागे मातीचा डोंगर झाला.

१० मे

नगर. साहेबांनी पत्रे मंजूर केले. जूनमध्ये शाळा भरणार! अहवालावर सही केली मी. आनंदाने.

२३ मे

गावी आलो. शाळा कशी हलकी, मोकळी दिसते! मागचा ढीग मात्र नाहीसा. आईला विचारलं.

"शाळंची माती ती, वाया कशी जाऊ द्यायची? समद्यांनी नेली, आपापल्या धाब्यावर टाकली. गुरुजींच्या घरावर तर भिमाजीनं सोता चढवली. मी व्हय, सगळ्यात आदी गेल्ते! लई दाट थर बसलाय बग आता."

घरोघर हिंडून वर बघून आलो. एकही घर सुटलेलं नाही. पाऊस लागला की अंगणातल्या बाजा आत जातील, आणि सगळं गाव त्या मातीखाली झोपेल.