नळीत पाणी चढलं, सर

सर,

आज माझ्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत पाणी चढलं आणि ते ज्याला सांगावं असं इथे कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. स्टाफरूममध्ये सांगून पाहिलं. एकाने मान हलवली आणि पुन्हा मोबाइलमध्ये पाहू लागला. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण नळीतली पातळी बोटभर वर सरकली की माणसाला काय वाटतं, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. तेव्हा ऐकून घ्या.

यवतमाळचं आपलं कॉलेज, माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. परासरणाची व्याख्या मी वहीत सुबक अक्षरात लिहिली होती: पातळ पडद्यातून पाणी विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. प्रयोगाला पडदा हवा होता आणि तो कपाटात नव्हता. तुम्ही खाटकाकडून बकऱ्याचं मूत्राशय वर्तमानपत्रात गुंडाळून आणलंत आणि बरोबर माझ्या टेबलावर ठेवलंत. वडील कचेरीत, घर सोवळ्याओवळ्याचं, चातुर्मासात कांदासुद्धा बंद. मी हात मागे घेतला. तुम्ही म्हणालात, ‘‘हात लावाचा नसंन तर केमिस्ट्री कायले घेतली? उद्यापासून मराठीच्या वर्गात बसत जा.’’ वर्ग हसला. रागाच्या भरात मी ते उचललं, लांब नळीच्या काचेच्या थिसल फनेलच्या रुंद तोंडावर ताणलं, दोऱ्याने आवळून बांधलं, वरच्या नळीतून साखरेचं दाट पाणी भरलं आणि फनेलचं तोंड खाली ठेवून ते साध्या पाण्याच्या बीकरमध्ये सोडलं. नळीवर शाईची खूण केली. दुपारपर्यंत पाणी खुणेच्या वर गेलं. कुणी ढकललं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं. तुम्ही शेजारी येऊन म्हणालात, हे पाणी आत येऊ नये म्हणून वरून जेवढा दाब द्यावा लागेल, तेवढा त्या द्रावणाचा परासरण दाब. ‘‘सूत्र पुस्तकात आहे. पण तुले आता त्याची गरज नाही, तू पाहिलं.’’ शाबासकी वगैरे काही नाही. घरी आईने मला मागच्या दारी अंघोळ करायला लावली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून हळूच विचारलं, ‘‘चढलं का गं पाणी?’’

आता आजचं. खरं तर कालपासूनचं. मी घाटंजीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. बारावीत एक मुलगी आहे, जवळच्या बंजारा तांड्यावरून सायकलने येते. काल तिचा बाप तिला घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

‘‘टी.सी. देऊन टाका, मॅडम. शिकून शिकून पोरीनं माही पऱ्हाटी जाळली.’’

‘‘बा, म्या जाळली नाई.’’

‘‘मंग म्या जाळली?’’

मुलीने खताच्या पोत्यावरचं वाचलं होतं आणि कपाशीच्या दोन-चार ओळींना दुप्पट खत टाकायला लावलं होतं, पाऊस येतोच आहे म्हणून. पाऊस आला नाही. पानांच्या कडा करपल्या, झाडं माना टाकून पडली. बापाचं म्हणणं सरळ होतं: घरी राहील, कामाला लागेल, निदान नुकसान तरी करणार नाही.

मी म्हटलं, ‘‘टी.सी. ऑफिसात मिळते, माझ्याकडे नाही. झाडं का जळली ते हीच उद्या दाखवेल. ते पाहा आणि मग ऑफिसात जा.’’

‘‘उद्या वावरात काम आहे जी.’’

‘‘आजही होतंच. आलात ना?’’

मुलीला एवढंच सांगितलं की मला समजावून सांगू नकोस, दाखव. कपाटातली विकतच्या पडद्याची नळी काढली तर ती वाळलेली, हातातच तडकली. मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, आमच्या तांड्यात आज बकरा कापला. त्याचं मूत्राशय आणते.’’ नाक मुरडणं नाही, हात मागे घेणं नाही. मी तिच्याकडे पाहत राहिले.

आज सकाळी तिने स्टीलच्या डब्यातून पडदा आणला. साफ केलेला, झिरझिरीत, किंचित पिवळसर. बांधला असा की मला दोरा ओढून पाहावा लागला, इतका माझा विश्वास बसेना. फनेलमध्ये साखरेचं पातळ पाणी, ते मुळातल्या रसाच्या जागी. एका बीकरमध्ये साधं पाणी, म्हणजे ओली जमीन. दुसऱ्यात खताचं दाट पाणी. बाप स्टुलावर बसलेला, टोपी गुडघ्यावर. ओल्या जमिनीत पाणी चढायला हवं होतं. चढलं नाही. उलट खुणेच्या थोडं खाली गेलं.

‘‘उतरून राह्यलं,’’ बाप म्हणाला. त्याला मजा वाटत होती.

मी गाठ पाहिली. गाठ चोख होती. पुढे काय चुकलं ते मलाही कळेना आणि मी मध्ये न पडता हात पाठीमागे धरून उभी राहिले. हे सोपं नसतं, सर. मुलगी बीकरकडे वाकून पाहत होती. एकाएकी तिने पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

‘‘प्रयोगशाळेत कशाचीही चव घ्यायची नाही,’’ मी ओरडले. ‘‘कितीदा सांगितलं?’’

‘‘हो मॅडम. पण खारट आहे.’’

मग उलगडा झाला. घरी तिच्या आईने, याडी म्हणते ती तिला, पडदा मीठ-हळद चोळून साफ केला होता. बकऱ्याचं काहीही घरात आलं की त्यांच्याकडे ते तसंच करतात. ते मीठ बीकरच्या पाण्यात उतरलं आणि आमची ओली जमीन खारी झाली.

‘‘मंग काय घाणच ठेवाची होती?’’ बाप म्हणाला.

मुलगी कामाला लागली. पडदा सोडला, पाणी बदलत बदलत धुतला, भिजत ठेवला, पुन्हा बांधला. साखरेचं पाणी पुन्हा भरलं, साधं पाणी नवं घेतलं. आम्ही थांबलो. बाप एकदा बाहेर जाऊन चहा पिऊन आला. आणि मग नळीत पाणी चढलं. आधी दिसेना, मग खुणेच्या वर स्वच्छ दिसलं. तेच फनेल तिने उचलून खताच्या बीकरमध्ये ठेवलं. चढणं थांबलं. पाणी खाली यायला लागलं.

बाप स्टुलावरून उठला आणि नळीला डोळा लावून उभा राहिला.

‘‘म्हंजे झाडातलं पाणी खतानं वढलं?’’

‘‘हो बा. माती ओली असती तं खत पातळ झालं असतं. कोरड्यात टाकलं, अन् दुप्पट टाकलं. म्याच टाकाले लावलं.’’

हे म्हणताना तिने मान खाली घातली नाही. बापाने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, ‘‘तुहा काका उद्या खत टाकून राह्यला.’’

‘‘त्याले सांगा ना, बा.’’

‘‘सांगून ऐकणारा माणूस आहे का तो? हे काच-बिच घे अन् चाल घरी. त्याच्या डोयासमोर ठेव.’’

मी मुलीला तोंडावर काहीच बोलले नाही. फक्त चव घेतल्याबद्दल पुन्हा एकदा रागावले. पण इथे लिहिते की इतक्या वर्षांत कुणाचा इतका अभिमान वाटला नाही. प्रयोग फसला तेव्हा तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. कपाटात ठेवून देईन.

माझ्या प्रयोगशाळेतून साधी परीक्षानळीही तारखेशिवाय बाहेर जात नाही, ही माझी ख्याती आहे. आजची नोंद अशी: थिसल फनेल एक, बीकर दोन, दोरा, धुतलेला पडदा पाण्याच्या बाटलीत. तांड्यावर दाखवण्यासाठी दिलं. घेतल्याची सही बापाने केली आणि तो ऑफिसकडे न वळता सरळ फाटकाबाहेर गेला. परत करण्याच्या तारखेची जागा मी कोरी सोडली आहे.