चुलीचा खाल्लेला कोपरा

आई,
चिठ्ठी उंदराच्या पिंजऱ्यावर ठेवून जाऊन राहिली, कारण संत्र्याच्या बगीच्यातून आल्यावर तुम्ही आधी तोच पाहता. तुमचा अतुल मला सोनोग्राफीला पांढुर्ण्याला घेऊन चालला. वरण-भात झाकून आहे.

आता खरं सांगते. अंगणातल्या नव्या चुलीचा कोपरा उंदरानं नाही, मी खाल्ला. सकाळी तुम्ही सडा टाकता, दोन थेंब चुलीवर उडतात, अन् असा वास सुटतो की मी जशी झोपेतच चालत येते. तुकडा जिभेवर ठेवला की वाटते, आपल्या जाम नदीत गळ्यापर्यंत बसली आहे अन् पोटातलं लेकरू आरामात पोहून राहिलं. मग दाताखाली कचकच होते, तेव्हा जाग येते.

नर्सबाईनं रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. आजपासून माती बंद, तुमची शपथ.

मागच्या वर्षीही तुम्ही बाळाच्या अंघोळीच्या पाण्यासाठी अशीच चूल घातली होती. मी दवाखान्यातून रिकाम्या हातानं आली, तर ती जागा सारवून सपाट. या वेळी सगळ्यांना सांगता, शेंगा उकडायला चूल घातली. मला माहीत आहे कशाला घातली ते.

उंदराला सोडून द्या, बिचारा फुकट अडकला. कोपरा लिपून घ्या. अन् आज ती चूल पेटवाच, वर पाणी ठेवा. आल्यावर त्याच पाण्यानं मी पाय धुवीन. धूर मला फाटकातूनच दिसला पाहिजे.

तुमची प्रज्ञा